शेवंता पाणी प्यायली तेव्हा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या बापानं धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे घराबाहेर टाकले. चौथी शिकलेली बाई आहे मी, पण कोणाच्या अंगात आलं म्हटलं की मला हसूच येतं. तरी जे घडलं ते घडलं...

माझी धाकटी बहीण शेवंता सिहोऱ्याला राहते. मी मुलाकडे, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. तिच्या नातीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास शेवंताच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन निघालं. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. घरातल्या प्रत्येक हळदीला आम्ही दोघी जोडीनं गायलो आहोत. नात हटून बसली — दोन्ही आज्यांचं गाणं पाहिजेच!

माझी सून वैशाली लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करते. ऑपरेशनच्या आधी सिहोऱ्याला जाऊन तिनं शेवंताचं गाणं मोबाईलवर घेतलं. मग माझी पाळी.

"आई, हे कानात घाला. मावशी गातील तसं गा."

"कानात बोळे घालून मी गात नाही."

"थोडंही मागंपुढं झालं तर एकीचा शब्द आधी येईल अन् दुसरीचा मागून!"

"येऊ दे. तिच्यासंगं गाण्यात माही जिंदगी गेली."

शेवंताचं गाणं न ऐकताच मी गायले. अर्ध्यात, का कोण जाणे, थांबले आणि म्हणाले, "पी आरामानं, घाई नाही."

"कोणाले म्हणता, आई?"

"मले काय माहीत? चालू ठेव तुझं यंत्र."

संध्याकाळी वैशालीनं कंप्युटरवर आम्हाला शेजारी-शेजारी बसवलं. दोघींचा पहिला शब्द एकत्र लावला, एवढंच. बाकी गाणं आपोआप जुळत गेलं. मध्येच शेवंताला खोकला आला, तिनं पाण्याचा पेला उचलला... आणि शेजारून मी — "पी आरामानं, घाई नाही." तिनं पेला ठेवला. पुढची ओळ दोघींनी एकदम उचलली!

वैशालीनं तेवढा तुकडा पुन्हा लावून बघितला.

हळदीच्या दिवशी मांडवात पडद्यावर ते लावलं तेव्हा लोक पोट धरून हसले. गळ्याला पट्टी बांधलेली शेवंताही तोंड मिटून, हसण्यानं गदगदा हलत होती.

पुढे शेवंताचा आवाज परत आला, जरा घोगरा. तिनं पहिला फोन मला केला.

"काहून व बाई, मी पाणी पिऊन राहिली हे तुले कसं कळलं?"

"नाही कळलं. तोंडातून निघालं."

"मी तर तू म्हटलं म्हणूनच आरामानं पेली."

"पागल, म्या ते मागाहून म्हटलं! तवा मी इथं भाजी निवडत होती."

"मले तर तवाच आयकू आलं."

वैशाली याला योगायोग म्हणते. मला तेवढंही म्हणता येत नाही. कसं झालं ते आजही माहीत नाही. शेवंता मात्र साऱ्या सिहोऱ्याला सांगत सुटली आहे, आणि आता तिला गप्प करणं कोणत्याच डॉक्टरच्या हातात नाही.