हातोदची मोहीम

स्नेहलतागंजचे श्रीरंग शितोळे थंडीत पहाटे पळायचे आणि संध्याकाळी जुन्या लढायांची पुस्तकं वाचायचे. जानेवारीच्या मॅरेथॉनआधी एकदा तरी पळत वीसेक किलोमीटरवरचं हातोद गाठायचं होतं, पण दर रविवारी पंधराव्या किलोमीटरला पाय गळायचे.

"पुस्तकं ठेवा हो, झोपा जरा," त्यांच्या पत्नी पूर्वावहिनी म्हणायच्या.

शनिवारी पुस्तकातच उत्तर सापडलं. लांबच्या कूचमध्ये पायदळ दर तासाला दहा मिनिटं थांबायचं.

रविवारी ते घड्याळ बघून दगडावर बसले. मागून पळत आलेला शेजारचा मनीष हसला, "क्या भिया, इतक्यात टंकी खाली?"

"फौज आराम करतेय रे."

हातोदहून त्यांनी घरी फोन लावला. "पोचलो."

"अच्छा? आणि परत कसे येणार?"

पुस्तकातलं माघारीचं प्रकरण अजून वाचायचं होतं.