विमलताईनं नाकारलेली सूट

विमलताई गेल्याचं मी गावी फोन करून कळवलं, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "गाडी चालवत होती का?" नाही, म्हटलं. भाकरी थापत होती, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... हाच प्रश्न पुढे इतक्या जणांनी विचारला, की मला रडण्याआधी राग यायचा. एखादा पुरुष असा अचानक गेला तर हे कुणी विचारत नाही. म्हणून माझी ही थोरली जाऊ कशी होती, ते लिहायला बसले आहे.

पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातून मिलच्या कामाला आलेली. गाडी घ्यायची ती बायकोच्या नावावर, अशी इथली रीतच पडलेली. बाईच्या नावावर विमा थोडा स्वस्त पडतो, असं आमचे विमा एजंट सुभाषभाऊ यांनी घरोघरी सांगून ठेवलेलं. दादांनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, जुनी छोटी गाडी घेतली तीही तिच्याच नावावर. तिच्या हातून बोनेटवर स्वस्तिक काढून घेतलं, नारळ फोडला, पेढे वाटले आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. सुभाषभाऊ निघता निघता म्हणाले, "तेवढा मालकाचा अपघात विमा ताईले लागू नाही होत. लायसन नाही ना त्यायच्याजवळ." जेवायला वाढताना ताई दादांना म्हणाली, "मना नाववर गाडी शे, अन् चावी तुमना खिसामा?" दादा हसले. तू काय करणार चावी घेऊन, असं त्यांनी विचारलं. "शिकसू," ताई म्हणाली आणि आमटी वाढत पुढे गेली.

ती शिकली, आणि शिकली ती चांगलीच. दादांची पलसाण्याच्या मिलमध्ये पाळी असली की हीच त्यांना सोडायला जायची. खोटं कशाला सांगू, ती गाडी जोरात चालवायची. कडोदऱ्याच्या चौकात एका टेम्पोला घासून दरवाजा चेपवून आली, तेव्हाही तिचा आवाज आमच्यापेक्षा मोठा होता. उलट माझे यजमान. मोकळ्या रस्त्यावरही हे बैलगाडी हाकल्यासारखे जातात. मागचे हॉर्न वाजवून दमतात, पण यांचा पाय काही दबत नाही.

पुढच्या वर्षी विमा भरायची वेळ आली. सुभाषभाऊ चहा पीत म्हणाले, "बाया सावकाश चालवतात, म्हणून सूट देते कंपनी." ताईनं कप खाली ठेवला. "या घरात सावकाश चालवतो तो माझा दीर. त्याला द्या की सूट."

"ताई, तुमाले भेटून राहिली तं घ्या ना."

"आज बाई म्हणून कमी घेतील, उद्या बाई म्हणूनच जास्त मागतील. मग मी कुठल्या तोंडानं भांडू? माझं चालवणं बघा आणि काय ते ठरवा."

दादा वैतागले. घरात आलेलं कुणी असं परत करतं का, म्हणाले. पण ताईनं सुभाषभाऊंना दुसरी कंपनी शोधायला लावली. तिथे बाई-पुरुष भेद नव्हता. वर्षभर भरपाई मागितली नाही तर मात्र सूट होती, ती सगळ्यांनाच. त्या वर्षी ताईनं गाडी अशी काही सांभाळून चालवली... निव्वळ जिद्दीनं. साधा ओरखडा येऊ दिला नाही. ती सूट मिळाली तेव्हा गल्लीत सांगत फिरली, ही माझ्या कमाईची आहे म्हणून. मला तिचा तेव्हा फार अभिमान वाटला होता. तिला तो बोलून दाखवला नाही, याचं आता वाईट वाटतं.

परवा सुभाषभाऊ आले. गाडी आता माझ्या नावावर करू, म्हणाले, बाईचं नाव राहिलेलं बरं. मी म्हटलं, आधी मला चालवता येऊ द्या. ताईला कळ आली तेव्हा पुरुष कामावर होते, गाडी दारात उभी होती आणि मी रिक्षा शोधत रस्त्यावर धावत होते. तसं पुन्हा धावायचं नाही, हे मी ठरवलं आहे.

रोज सकाळी यांना शेजारी बसवून मी शिकते. ताई बुटकी होती, तिनं सीट पार पुढे ओढलेली आहे. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. "अगं, मागे सरकव ना," हे म्हणतात. सरकवेन. लायसन हातात आलं, की त्याच दिवशी. तोवर ही सीट ताईचीच.