एकशे त्रेचाळीसाव्या पानावरची एकटी टीप

दोनशे ऐंशी पानांच्या फाइलीत मला एक टीप सापडत नव्हती. टीप दोनच शब्दांची होती : छापू नये.

ती मीच, रोहिणखेडच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या सांगण्यावरून लिहून ठेवली होती. गावोगावच्या शाळांवरच्या माझ्या पुस्तकासाठी बाई तीन दिवस बोलल्या. निघताना म्हणाल्या, "सगळं लिहा भाऊ, तेवढं एक नका लिहू." ते एक कोणतं, हे आता आठवत नव्हतं. ऐकताना मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं, म्हणूनच कोणतं ते विसरलो. फाइल सोमवारी छपाईला जायची होती.

शोधाच्या चौकटीत दोन्ही शब्द टाकले. काही सापडलं नाही. नुसतं ‘छापू’ टाकलं. नाही. सगळी फाइल दोनदा वरून खाली सरकवली. डोळे दुखले, टीप दिसली नाही.

शेवटी चिखलीला, पुस्तकाची पानं लावणाऱ्या ऑपरेटर बाईंच्या दुकानात गेलो. आधीची प्रकरणं मी दैनिकात शिकलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती, नंतरची युनिकोडमध्ये. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. जुन्या फॉन्टच्या आत मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात.

"अर्धं पुस्तक तुमी इंग्रजीतच लिहून ठेवलं, सर," त्या म्हणाल्या. "मशीनले तुमचं मराठी दिसूनच नाही राह्यलं."

त्यांनी ते दोन शब्द जुन्या फॉन्टमध्ये टाइप केले, उचलून शोधाच्या चौकटीत टाकले. तिथे अर्थहीन अक्षरं उमटली आणि टीप सापडली. पान एकशे त्रेचाळीस. वर शाळेच्या कौलांचा मजकूर, खाली हजेरीपटाचा. रोहिणखेडच्या बाईंचं एक अक्षर नाही.

लिहिताना मी परिच्छेद पुढेमागे हलवले होते. मजकूर निघून गेला, टीप जागेवर राहिली. दैनिकात अशी सूचना कागदाच्या समासात लाल शाईने लिहायचो. कागद जाईल तिथे ती जायची.

दुकानाबाहेर येऊन रोहिणखेडच्या बाईंना फोन केला, छापायचं नाही ते कोणतं, हे विचारलं.

"तुमी लिहून घेतलं होतं ना?"

"हो."

"मंग?"

टीप सापडली, मजकूर नाही, असं सांगितलं. मग त्यांनीच ते पुन्हा सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे डबा नसायचा. दुपारी वर्गातली मुलं आपल्या डब्यातली भाकरी त्यांना द्यायची. "पोरायचं खाल्लं मी, भाऊ. आता आणखी एकदा सांगाले लावलं तुमी."

मला ते सुंदर वाटलं होतं. इतकं, की मी ते उचलून प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवलं होतं.

आत जाऊन त्या चार ओळी काढल्या. मग टीपही काढली. प्रकरण आता पाचव्या ओळीपासून सुरू होतं, आणि ती सुरुवात वाईट आहे.