गाडीचं नाक

कूलंटचा गोडसर वास आला की टोकावड्याची ती दुपार आठवते. माझी जुनी, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्‌स कार तापली आणि काटा लाल पट्ट्यावर गेला. बॉनेट उघडून मी पट्टा, पंखा, नळ्या सगळं मोठ्या जाणकारासारखं तपासलं, दोष सापडेना. तेवढ्यात मागून एक म्हातारी तरातरा आली. गाड्यांच्या चाकांखाली मळून निघावा म्हणून तिनं रस्त्यावर पसरलेल्या उडदावरून मी नुकताच आलो होतो. आता शिव्या मिळणार, असं वाटलं. तिनं वाकून पुढच्या जाळीत हात घातला आणि त्यात अडकलेला उडदाचा पाला मूठमूठ ओढत म्हणाली, “इंजिनाला काय नाय झाला रे, गाडीचा नाक चोंदलाय.” पाल्यातल्या शेंगा निवडून तिनं पदरात घेतल्या. अजूनही काटा चढला की बॉनेटला हात लावण्याआधी मी रस्त्यावर गुडघे टेकतो.