एक जूनची पोरं

आमच्या शाळेतली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली होती, एक जूनला. जन्माचा दाखला नसला की आम्ही शिक्षक बेधडक एक जून लिहायचो आणि वर्ष असं धरायचो की पोराला सहा पूर्ण व्हावीत. याला आम्ही ‘तारीख बसवणं’ म्हणायचो आणि वर हसायचो.

त्या वर्षी पहिलीचा पट कमी पडत होता. एक शिक्षक जादा ठरणार होता. शाळेत सगळ्यांत नवीन मी, आणि बदलीला पेठच्या डोंगरातलं गाव तयारच होतं. माझी मुलगी तान्ही होती. मी नाशिकच्या वेशीवरचे मळे पालथे घातले. एका मळ्यात एक बाई झेंडू तोडत होती, तिचा मुलगा बांधावर खेळत होता.

“पाचवं चालू हाय त्याला, बाई,” ती म्हणाली. “सिंहस्थात झाला, शाही स्नानाच्या दिवशी. रस्ते समदे बंद, दवाखान्यात जाता आलं नाय. हितंच मळ्यात झाला.”

“पाच काय नि सहा काय,” मी म्हटलं, आणि रजिस्टरात एक जून लिहून टाकलं.

पट भरला, बदली टळली, मी पेढे वाटले. पोरगा इतरांहून वीतभर बुटका. दुपारी पेंगायचा, अक्षरं उलटी काढायचा. मी त्याला चारचौघांत ‘ढ’ म्हणायचे. तो ढ नव्हता, लहान होता, आणि हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

सातवीनंतर त्याची शाळा सुटली. पुढे एका जुलैत दोन मोठ्या मित्रांबरोबर त्याने एका म्हातारीच्या गळ्यातली पोत ओढली. मोटारसायकल हा चालवत होता. म्हातारी फरपटत गेली आणि दोन दिवसांनी वारली.

त्याची आई माझ्या दारात आली. “वकील म्हंतो, अठरा भरली नसली तर पोरांच्या कोर्टात जाईल. जास्तीत जास्त तीन वर्सं सुधारगृहात. त्याला सतरा बी भरली नाय, बाई. पन तुमच्या रजिस्टरात अठराच्या वर गेलाय. तुमी फक्त खरं सांगा.”

मी “सांगते” म्हटलं. त्या क्षणी मनापासून म्हटलं होतं.

मला नुकतंच मुख्याध्यापिकेचं पद मिळालं होतं. खोटी नोंद कबूल केली की चौकशी, कदाचित नोकरीच. रजिस्टर फडक्यात बांधून कोर्टात गेले. मला बघून पोरगा चक्क हसला, बाई आल्या म्हणून.

“हे अक्षर तुमचं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हो.”

“तारीख कशावरून लिहिली?”

त्याची आई मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

“पालकांनी सांगितली तशी.”

शाळेची नोंद असताना हाडं तपासून वय काढायची गरज नाही, असं ठरलं. शाही स्नान, बंद रस्ते, मळ्यातलं बाळंतपण, सगळं आईचं बोलणं म्हणून बाजूला पडलं. खटला मोठ्यांच्या कोर्टात चालला आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

तो काही संत नव्हता, एक जीव गेला होता. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण तीन आणि सात यांच्यातली चार वर्षं त्या म्हातारीने दिली नव्हती, मी दिली होती. मी भित्री आहे, आणि भित्र्या माणसाच्या हाती रजिस्टर देऊ नये.

निकालानंतरच्या जूनमध्ये त्याची आई नातीला घेऊन शाळेत आली, लेकीच्या लेकीला. भांडली नाही, रडली नाही. पदराआडून जन्माचा दाखला काढला, लॅमिनेशन केलेला, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

“बघून लिवा, बाई,” ती म्हणाली. “पालकांनी सांगितलीय.”

मी लिहिली. हात थरथरला असं सांगायला मला आवडलं असतं. पण अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.