ऑइल कूलरसमोरचा पुठ्ठा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही. देवासमोर हात जोडले तरी हा विषय मी शिताफीने टाळतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही नितीनला ओळखत नाही — म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव ऐका, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. मी संशयी माणूस आहे. गॅसचा सिलिंडर आला की काट्याला लटकवून वजन करतो. पेट्रोल पंपावर उतरून मीटरचं शून्य बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाजीवाल्याने आपणहून चार मिरच्या जास्त टाकल्या, की मी लगेच तळाचे टमाटे चाचपतो — का टाकल्या याने? सुनीता, माझी बायको, म्हणते, तुम्हाला कावीळ झालीय, जग पिवळं दिसतं. मी म्हणायचो, अगं, जग आहेच पिवळं!

नितीन हा तिचा धाकटा भाऊ. मिसरोदला त्याचं गॅरेज होतं, आणि तो टर्बो गाड्या ट्यून करायचा, म्हणजे त्यांच्या इंजिनाची ताकद वाढवून द्यायचा. भोपाळभरची पोरं त्याच्याकडे यायची. माझी छोटी टर्बो गाडीही त्यानेच लॅपटॉप जोडून अशी काही तयार केली, की बाग सेवनियाच्या आमच्या गल्लीतून निघाली की शेजारी वळून बघायचे. पण किल्ली हातात देताना त्याने मला शाळामास्तरासारखं समोर बसवलं. जिजाजी, ताकद वाढली म्हणजे उष्णताही वाढली. टर्बो तेलावर जगतो. तेल थंड असेल तर जोर लावायचा नाही, आणि फार तापलं तर ते पाण्यासारखं पातळ होतं, मग आतल्या बेअरिंगा लोखंडावर लोखंड घासून मरतात. म्हणून त्याने पुढच्या जाळीमागे ऑइल कूलर बसवला होता — छोटा रेडिएटरच म्हणा, वाऱ्याने तेल थंड करणारा. तेल तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह. आणि डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा. नव्वद ते एकशेदहा म्हणजे मजेत. एकशेतीसच्या वर गेला, की पाय काढा.

सगळं नीट चाललं होतं. मग जानेवारी आला. भोपाळची थंडी तुम्हाला माहीत असेल, सकाळी बोटं वाकत नाहीत. काटा सत्तरच्या वर जाईना. मी नितीनला फोन केला. तो म्हणाला, व्हॉल्व्ह बंद असला तरी थोडं तेल कूलरकडे जातंच, हळू चालवा, काही होत नाही. झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. याने व्हॉल्व्ह बसवलाच नसेल तर? घरचं गिऱ्हाईक, आत डोकावून कोण बघतंय?

होशंगाबाद रोडवरचे ट्रकवाले थंडीत रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. मीही लावला. एका रविवारी मिक्सरच्या खोक्याचा तुकडा कापला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कूलरसमोर आवळून टाकला. काटा चढला नव्वदवर! म्हणजे थंड तेलही सगळं कूलरकडेच जात होतं, व्हॉल्व्ह नव्हताच! काय आनंद झाला मला, सांगू? गाडी नीट झाली याचा नाही — मेव्हण्याला पकडलं याचा. त्याला मात्र काही बोललो नाही. पुरावा राखून ठेवला होता ना, योग्य वेळी चारचौघांत काढायला.

आणि मग विसरलो. हो, विसरलोच. यावरही संशय घ्या हवं तर, मी स्वतः घेतो.

एप्रिलात सुनीताच्या मावशीकडे होशंगाबादला निघालो होतो. भर दुपार, एसी पूर्ण, रस्ता मोकळा. मंडीदीप सोडलं आणि मी गाडी दामटली. औबेदुल्लागंजच्या पुढे चढावर सुनीता म्हणाली, "अहो, तो काटा लाल पट्टीत गेलाय." एकशेचाळीस. मी काय म्हणालो असेन? "तुझ्या भावाने स्वस्तातला सेन्सर लावलाय, खोटं दाखवतोय." आणि पाय तसाच दाबून ठेवला. काटा खरं बोलत होता. त्या गाडीत खरं बोलणारा तेवढाच होता.

खालून टक-टक आवाज सुरू झाला, मग गाडी बंदच पडली. सुनीता झाडाच्या सावलीत उभी राहून नितीनला फोन लावत होती. मी पुढे जाऊन वाकलो. जाळीतून मिक्सरचं अर्धं चित्र माझ्याकडे बघत होतं.

माझाच पुठ्ठा. पण हात — हात थांबले नाहीत हो! बोटं भाजली तरी तो पुठ्ठा ओरबाडून काढला आणि नाल्याकाठच्या झुडपात भिरकावला. सुनीताने विचारलं, काय होतं? म्हटलं, कचरा अडकला होता.

नितीनने इंजिन खोललं. बेअरिंगा जळून काळ्या पडल्या होत्या. व्हॉल्व्ह जागेवर होता, बरं का. चांगला, नवा, त्याने सांगितला होता तसाच. तो त्याने घरी नेला, पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला, थर्मामीटर धरून बसला. व्हॉल्व्ह वेळेवर उघडला. त्याने पुन्हा उकळला. चार दिवस त्याचं हेच. मग एकदा आमच्या घरी, सगळे बसलेले असताना, त्याने खाली बघत विचारलं, "जिजाजी, तुम्ही काही केलं नव्हतं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं फक्त. मी काय केलं? ओरडलो. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! बायको गाडीत होती, तिचा जीव गेला असता तर? सासूबाई रडायला लागल्या. सुनीता माझ्या बाजूने उभी राहिली आणि सख्ख्या भावाला म्हणाली, घरच्या माणसांवर तरी प्रयोग करू नकोस रे. नितीनने हात जोडले. "माझंच काहीतरी चुकलं असणार." न केलेल्या चुकीची त्याने माझ्याकडे माफी मागितली, आणि मी ती दिली. मोठ्या मनाने दिली!

पुढे महिनाभर मी सगळ्यांवर नजर ठेवून होतो. चोराच्या मनात चांदणं. सुनीताने पुठ्ठा बघितला होता का? नितीनला कूलरवर तुटकी पट्टी सापडली असेल का? तो गप्प आहे तो का गप्प आहे? पण त्याला काही सापडलं नव्हतं. तो स्वतःवरच शंका घेत बसला होता. एक बोल्ट आवळायचा, पुसायचा, पुन्हा आवळून बघायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. दिवाळीच्या आधी त्याने ट्यूनिंग बंद केलं, पुढे गॅरेजही. आता मंडीदीपच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. यंत्राला हात लावायचं काम नको म्हणून त्याने स्टोअरमधलं काम मागून घेतलं.

गेल्या महिन्यात आम्ही नवी गाडी घेतली. सुनीताचा भावावरचा राग एव्हाना निवळला होता. पेढे द्यायला नितीनकडे गेलो, तर ती म्हणाली, एकदा बॉनेट उघडून बघ रे, तेल-पाणी ठीक आहे का. तो अंगणापर्यंत आला, गाडीपासून दोन हात दूर थांबला. त्याने हात पाठीमागे बांधून घेतले आणि म्हणाला, "नको ताई. माझ्या हाताचा भरवसा नाही. कंपनीतच दाखवा."

मी शेजारीच उभा होतो. मी म्हटलं, "बरं."