रंग गेला तर परत आणा

कापडावर कात्री ठेवायची, कापायच्या आधी थांबायचं आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "संध्याकाळी मोबाइलवर काय बघता?" ही पारसशेठची रीत होती. गिऱ्हाईक गोंधळायचं. दोन मीटर पॉपलीन घ्यायला आलेल्या माणसाला आपल्या संध्याकाळचा हिशोब द्यावा लागेल असं वाटलेलं नसतं. कुणी बातम्या म्हणायचं, कुणी "असंच, येईल ते". 'येईल ते' हे उत्तर पारसशेठला अजिबात खपायचं नाही. "येईल ते कापड अंगावर घालतो का आपण? मग डोळ्यात कशाला घालायचं?" असं म्हणून ते एखाद्या चॅनलचं नाव सांगायचे आणि मग कात्री चालवायचे.

खांडबाऱ्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पारसशेठ मारवाडीत बोलत ते फक्त घरात. दुकानात आलेल्याची अहिराणी त्यांना पक्की समजायची, पण बोलायचे ते शाळेच्या मराठीत, माझ्याशी तर जास्तच जपून, कारण मी तीस-एक वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर मी रोज दुकानाच्या गादीच्या कडेला बसायचो. "सर, तुम्हाला चिडायची सवय आहे," असं म्हणून त्यांनी मला जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं चॅनल दिलं. तो माणूस व्हिडिओभर एक अक्षर बोलत नसे. मला ते आवडलं, हे मी त्यांना बरेच दिवस कळू दिलं नाही. गावातल्या एका विधवा बाईंना त्यांनी एकट्यापुरता स्वयंपाक करणाऱ्या म्हातारीचं चॅनल सांगितलं होतं. त्या बाई मला म्हणाल्या, "घरात कोणीतरी बोलणारं आलं."

पण सांगण्याआधी ते स्वतः दोन-तीन महिने बघत. "न धुतलेला कपडा पक्का रंग म्हणून विकायचा नसतो, सर." दुकानात पाटी नव्हती, पण नियम सगळ्यांना ठाऊक होता. रंग गेला तर परत आणा. सहा महिन्यांनी आणलेली, धुऊन धुऊन विटलेली साडीसुद्धा त्यांनी एकदा परत घेतलेली मी पाहिली आहे. मी म्हटलं, हा धंदा नव्हे. ते म्हणाले, "हाच धंदा."

एका बाजाराच्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. देवीदास पाटलांची भावजय पाहुण्यांना द्यायच्या टॉवेल-टोप्या घ्यायला आली होती. देवीदासभाऊ नंदुरबारच्या रस्त्यावरच्या गावचे, चांगले बागायतदार, वडिलांपासून पारसशेठचं गिऱ्हाईक. त्यांची मुलगी ज्योती, माझी शाळेतली विद्यार्थिनी, आता कॉलेजात शिकत होती. लहानपणी एकदा ती याच गादीवर फिट येऊन पडली होती. तेव्हा पारसशेठनीच जीपगाडी करून तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या आणि कित्येक वर्षांत तिला फिट आली नव्हती.

"आज पाव्हणा येणार शेतस, ज्योतीले देखाले," भावजय टोपीचा काठ बघत म्हणाली. मग आवाज उतरवून, पण आनंदाने, "आते काळजी नही. तुमना बाबानं चूर्ण मांगाडं दादानी. आठ दिन व्हयनात, फिटन्या गोया बंद करी टाक्यात."

पारसशेठच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "माझा बाबा कोण?"

"निंबाखालना. तुम्हीच सांगं व्हतं ना."

सांगितलं होतं, ते खरं. देवीदासभाऊंच्या बायकोच्या गुडघ्यांसाठी, दीड-दोन वर्षांपूर्वी. कडुलिंबाखाली खाटेवर बसून एक म्हातारा आपल्या चॅनलवर भेगांना काय लावावं, गुडघा कशाने शेकावा, एवढंच सांगायचा, आणि दर वेळी "त्रास जास्त असेल तर डॉक्टरकडे जा" असं म्हणून उठायचा. पारसशेठनी तो तपासला, पास केला, पुष्कळांना दिला आणि मग स्वतः दुसऱ्या चॅनलांकडे वळले.

त्यांनी मोबाइल काढला. मीही वाकून पाहिलं. लिंब गेला होता. त्या जागी लग्नाच्या स्टेजवर ठेवतात तसला सोफा होता, मागे प्लॅस्टिकचा धबधबा आणि म्हाताऱ्याच्या केसांना काळा कलप. बोलणं तेच, आवाज तोच, हात जोडणंही तेच. फक्त आता तो सांगत होता की फिटच्या गोळ्या मेंदू सुकवतात, त्या उकिरड्यावर टाका आणि हे चूर्ण घ्या. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत लाखो लोकांनी हात जोडले होते.

पारसशेठनी देवीदासभाऊंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग भावजयीला म्हणाले, "तुम्ही आता घरी जा आणि पोरीला गोळी द्यायला सांगा." ती म्हणाली, "मी काय सांगू, शेठ? दादा मन्हं ऐकतस का? आनी मोबाइल आज कपाटमा ठेयेल शे, पाव्हणासमोर नको म्हनीसन."

तेव्हा पारसशेठनी जे केलं ते खांडबाऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, भावजयीला तिच्या टॉवेल-टोप्या बांधून देऊन, बाकीच्या गिऱ्हाइकांना हात जोडून त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. मला म्हणाले, "सर, तुमची मोटरसायकल."

वाटेत मी त्यांना समजावलं. तुम्ही गुडघ्यासाठी सांगितलं होतं, फिटसाठी नाही. दोष तुमच्याकडे येत नाही. मागच्या सीटवरून ते ओरडून म्हणाले, "साडीचा रंग दुसऱ्या कपड्याला लागला तर गिऱ्हाईक कुठे येतं?" मग गाव जवळ आल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चूक माझी कुठे झाली, कळलं. कापडाचं थान एकदा तपासलं की तपासलं, कपाटात ते बदलत नाही. हे लोक रोज नवीन विणतात आणि शिक्का जुनाच मारतात."

आम्ही पोहोचलो तेव्हा दारासमोर पांढरी गाडी उभी होती. ओसरीत नवरा मुलगा, त्याचे वडील, एक मध्यस्थ आणि मुलाचे काका. काकांनी गॉगल कपाळावर चढवलेला. मुलाच्या आधी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. कुठल्याशा पतपेढीचे संचालक, कुठल्याशा मंडळाचे उपाध्यक्ष. घरात सगळे अहिराणी बोलत होते, काका मात्र सभेतली मराठी. "आम्हाला काही अपेक्षा नाही," ते म्हणाले. "मुलगी निरोगी आणि संस्कारी असावी, बस."

देवीदासभाऊंना आमचं येणं शुभशकुनासारखं वाटलं असावं. "या, शेठ, या. आमना खांडबारना शेठ, बापना येळपासूनना." पारसशेठना बसावं लागलं. आमच्या हातात पोह्यांच्या बशा आल्या. पाहुण्यांसमोर फिटचा शब्द काढला तर सोयरीक मोडते, आणि न काढावा तर काय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पोह्यांना हात लावला नाही.

ज्योती चहाचा ट्रे घेऊन आली. उंच, हसऱ्या डोळ्यांची मुलगी. उंबऱ्यापाशी तिचा उजवा हात एकदम हिसका बसल्यासारखा उडाला, कप बशांवर खडखडले आणि थोडा चहा सांडला. मध्यस्थ हसला. "घाबरनी पोर." काका म्हणाले, "लाज हा स्त्रीचा दागिना आहे." सगळे खूश झाले. पारसशेठ तिच्या हाताकडे बघत होते. ते उठले आणि देवीदासभाऊंच्या दंडाला धरून त्यांना मागच्या गोठ्याकडे घेऊन गेले. मी त्यांच्या मागून गेलो.

"देवीदासभाऊ, मी तो बाबा परत घ्यायला आलोय."

"काय परत?"

"तो पहिला माणूस राहिला नाही. खोटं सांगतो. पोरीला तिची गोळी द्या. आत्ता, माझ्यासमोर."

"शेठ, पाव्हणा बठेल शेतस."

"म्हणून तर म्हणतो. त्यांच्यासमोर पडली तर? विहिरीवर पडली तर?"

"आठ दिनमा काहीच नही व्हयनं तिले. कशी खडखडीत शे, देखा तरी."

"चिंचपाड्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? एक दिवस चुकवायची नाही. मी होतो तिथे."

देवीदासभाऊंचा आवाज चढला आणि लगेच, ओसरीच्या भीतीने, खाली आला. "त्या डॉक्टर सांगतस जनमभर गोया. जनमभर गोया खानारी पोर कोन करी, शेठ? तुम्ही सांगा. तुमना घरमा करशात?"

पारसशेठ पेंडीच्या पोत्यावर बसले. म्हणाले, "मी आजवर कुणाची सोयरीक मोडली नाही. पण गोळी दिल्याशिवाय इथून उठणार नाही. पाव्हणे विचारतील शेठ कुठे गेले. मग मला खोटं बोलता येणार नाही."

"म्हंजे धमकी दी ऱ्हायनात तुम्ही?"

"हो," पारसशेठ म्हणाले.

मागच्या दारात ज्योती रिकामा ट्रे घेऊन उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. ती वडिलांना म्हणाली, "आबा, चार दिन व्हयनात. सकाये उठनू का हात झटका मारस. काल दूधनं पातेलं असंच पडनं. तुम्ही म्हनेत, ध्यान नही तुन्हं."

"माले सांगं का नही?"

"तुम्ही इतला खुश व्हतात."

ती आत गेली. आम्हाला वाटलं, स्वयंपाकघरात गुपचूप गोळी घेईल. उरलेल्या पाकिटातली गोळी घेऊन ती ओसरीत गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली.

काकांनी विचारलं, "ही कसली गोळी?"

"फिटची. रोज लागते," ज्योती म्हणाली. शाळेत मी शिकवलेल्या मराठीत, स्वच्छ.

नवऱ्या मुलाने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण त्याचं मत कुणी विचारलं नाही. काकांना नंदुरबारला तातडीची बैठक असल्याचं आठवलं. निरोप सभेतल्याच मराठीत झाला. "कळवतो," ते म्हणाले. टॉवेल-टोप्या मात्र गाडीत चढल्या.

पारसशेठनी तिथेच हट्ट धरला की एका गोळीवर थांबायचं नाही. आम्ही सगळे ज्योतीला घेऊन चिंचपाड्याला गेलो. दवाखान्यात तपासणी चालू असतानाच तिला फिट आली. खाटेवर, डॉक्टर समोर असताना. सुई दिली, ती शांत झाली. डॉक्टर कुणाला रागावले नाहीत. फक्त म्हणाले की ही रस्त्यात किंवा विहिरीवर आली असती तर सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर देवीदासभाऊ बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. पारसशेठ जवळ गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "शेठ, पोर वाचनी, तुमनामुळे. सोयरीक मोडनी, तीबी तुमनामुळे. आते मन्हा घर येवानं नही."

"बरं," पारसशेठ म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस ते दुपारी दुकान पुतण्यावर सोपवून गावोगाव फिरत होते. ज्याला ज्याला बाबा दिला होता, त्याच्या दारात जाऊन परत मागत होते. कुणी हसलं. कुणी चहा पाजून विषय बदलला. एकाने स्पष्ट सुनावलं, "शेठ, त्यांना लाखो लोक बघतात. तुमच्या दुकानात दहा येतात." पारसशेठ म्हणाले, "म्हणून मला दहांच्या दारात जाता येतं." काहींनी बाबा सोडला नाही. पारसशेठ त्यांच्याकडे पुन्हा जायचे.

चॅनल सांगणं त्यांनी बंद केलं नाही, पण पद्धत बदलली. आता ते बंद पडलेलीच चॅनलं सांगत. ज्यांचा माणूस वारला, किंवा कंटाळून थांबला, अशीच. "यात आता भेसळ होत नाही, सर." हे थोडं स्मशानात बसून गाणी ऐकण्यासारखं आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "गाणी चांगली आहेत ना?"

पुढच्या वर्षी ज्योतीचं लग्न ठरलं. नवापूरकडचा मुलगा, तिच्याच कॉलेजातला. तिने त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं म्हणे. आमच्याकडे लग्नाचा बस्ता फाडायला दोन्ही घरची माणसं मिळून जातात. कापड निवडता निवडता अर्धा दिवस जातो, दुकानदार चहा पाजतो, थट्टा करतो, आणि पिढीजात घराचा बस्ता पिढीजात दुकानातच फाडतात. देवीदासभाऊंनी तो नंदुरबारला फाडला. बस्त्याला निघालेली जीप आमच्याच बाजारातून गेली. आम्ही दोघांनी ती पाहिली. पुढच्या सीटवर देवीदासभाऊ होते. त्यांनी मान वळवली नाही.

मी विचारलं, "लागलं का, शेठ?"

"लागलं ना," ते म्हणाले. "तीन पिढ्यांचं घर आहे."

थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत म्हणाले, "सर, ती मांडवात आपल्या पायांवर उभी राहील. बस झालं."

दिवाळीनंतर ते सुरतेला मुलाकडे राहायला गेले. दुकान पुतण्या चालवतो. पण त्यांची आठवण आली की मला बस्त्याची जीप गेली ती दुपार दिसते. त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून लाल शालूचं खोकं काढलं, उघडलं, गादीवर पदर पसरला, काठावरून सावकाश हात फिरवला आणि समोर कुणी बसलेलं नसताना विचारलं, "हा कसा वाटतो?" मग घडीवर घडी नीट जुळवून तो पुन्हा खोक्यात ठेवला.